नवी नर्स, पुण्यातलं पहिलं वर्ष: रेसिडेन्सी घ्यावी की थेट आयसीयू?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बहीण करमाळ्याची, बीएस्सी नर्सिंग झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं. पुण्यात दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक मोठं हॉस्पिटल: ‘नर्स रेसिडेन्सी’ म्हणून वर्षभर महिना १६ हजार स्टायपेंड, त्यानंतर एक वर्षाचा बाँड, आणि मूळ कागदपत्रं जमा करायची. दुसरं हडपसरच्या बाजूचं ४० खाटांचं: २२ हजार पगार, बाँड नाही, पहिल्या दिवसापासून आयसीयू. तुम्ही विचारताय, चार वर्षं शिकल्यावर परत शिकायचं कशाला, आणि हे स्वस्तात राबवून घेणं तर नाही?

शंका रास्त आहे. रेसिडेन्सीच्या नावाखाली नव्या मुलींना कमी पैशात पूर्ण ड्युटी करायला लावणारी ठिकाणं मी पाहिली आहेत, आणि वर्षभर खरोखर हाताला धरून शिकवणारीही पाहिली आहेत. बाहेरून दोन्हींची जाहिरात सारखीच दिसते. त्यामुळे सहा हजारांच्या फरकावर हा निर्णय घेऊ नका. पहिल्या काही महिन्यांत रात्री दोन वाजता पेशंट बिघडला तर तुमच्या बहिणीच्या शेजारी कोण उभं असेल, हे आधी शोधा. मी स्टाफ नर्स होते, मग वॉर्ड इनचार्ज, आणि आता बरीच वर्षं नव्याने आलेल्या नर्सेसना तयार करण्याचं काम करते, म्हणून सगळ्या गोष्टींकडे याच बाजूने बघते. तेवढा माझा कल धरून पुढचं वाचा.

आधी एक गोंधळ दूर करू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचेही रेसिडेन्सी पद्धतीचे अभ्यासक्रम आहेत. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यातलाच, आणि त्याला प्रवेश घ्यायलाच बीएस्सीनंतर निदान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहेत. त्यांना परीक्षा असते, मान्यता असते. तुमच्या बहिणीला जे देऊ केलंय ते यातलं काही नाही. तो हॉस्पिटलचा स्वतःचा कार्यक्रम आहे. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला अनुभवाच्या दाखल्यापेक्षा वेगळी किंमत नाही. मुलाखतीत कोणी ‘हा पीजीसारखाच कोर्स आहे’ असं सांगितलं असेल तर तिथेच सावध व्हा.

मग प्रमाणपत्राला किंमत नसताना हे वर्ष कशासाठी?

वॉर्डातला एक प्रसंग सांगते. तो दर बॅचमध्ये कुणा ना कुणाच्या बाबतीत घडायच्या बेतात असतो. पेशंटचं पोटॅशियम २.८ आलंय, म्हणजे कमी. डॉक्टर फोनवर सांगतात, ‘एक अँप्यूल केसीएल टाका ड्रिपमध्ये.’ केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. नव्या मुलीने पोटॅशियमवर परीक्षेत उत्तर लिहिलेलं असतं. थेट शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं, हेही तिला पाठ असतं. स्टँडला ड्रिप लटकलेली आहे, अर्धी गेलेली. ती सिरिंज भरते आणि लटकत्या बाटलीतच औषध सोडायला हात वर करते. तिच्या दृष्टीने ती बरोबरच करतेय, कारण ‘ड्रिपमध्ये’ असंच सांगितलंय ना.

शेजारी सीनियर असेल तर ती तिथे हात धरते. लटकत्या बाटलीत सोडलेलं केसीएल नीट मिसळत नाही. ते जड असतं, त्यामुळे खाली, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पेशंटला सुरुवातीलाच घट्ट डोस जातो. म्हणून ५०० मिलीची नवी बाटली टेबलावर घ्यायची. त्यात १० मिलीचं अँप्यूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (हे मोजायचं एकक) पोटॅशियम, घालायचं. बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, लेबल लावायचं, दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचं. आणि लटकवण्याआधी पुन्हा फोन: ‘सर, किती तासांत द्यायचं? सकाळपासून लघवी एवढी झालीय.’ साध्या हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट ही नेहमीची मर्यादा धरली जाते, म्हणजे ही बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. पंप असेल तर पंपावर लावायची.

पुस्तकात हे सगळं आहे. पण कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये मुलीकडे एक-दोन पेशंट असतात आणि मागे ट्यूटर असते. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रात इंटर्नशिप आहे, त्याने फरक पडतो, पण तिथेही ती विद्यार्थिनीच असते. स्टाफ म्हणून उभी राहिली की त्याच वेळी तीन डिस्चार्ज असतात, एकाची कॅशलेसची फाइल अडकलेली असते, ओटीतून ‘पेशंट पाठवा’ म्हणून फोन येतो, सात नंबरचे नातेवाईक काउंटरवर आवाज चढवतात, आणि मावशी विचारते की बेडपॅन आधी देऊ की लिनन बदलू. सुई लावणं, कॅथेटर घालणं हे हाताला महिन्याभरात जमतं. कशाला आधी हात घालायचा, कशासाठी डॉक्टरांना उठवायचं आणि काय सकाळपर्यंत थांबू शकतं, हे कळायला वेळ लागतो, आणि ते शेजारच्या माणसाकडूनच कळतं. अमेरिकेत मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये कॉलेजातून वॉर्डात आल्यावर नव्या नर्सेसना बसणाऱ्या या धक्क्यावर लिहिलं. तिकडे विद्यापीठांशी जोडलेल्या रुग्णालयांत २००२ पासून एक वर्षाच्या रेसिडेन्सी सुरू झाल्या, त्या यावरच उपाय म्हणून. आपल्याकडे नाव तिकडून आलं. नावाबरोबर माल आला का, ते प्रत्येक हॉस्पिटलात तपासावं लागतं.

तपासायचं कसं? माझ्या मते एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पहिले किती आठवडे तिचं नाव ड्युटी लिस्टच्या संख्येत धरलं जाणार नाही? समजा वॉर्डात शिफ्टला चार नर्स लागतात. तुमची बहीण पाचवी म्हणून उभी असेल तर ती शिकतेय. चौथी म्हणून उभी असेल तर ती राबतेय, भले तिच्या गळ्यातल्या कार्डावर काहीही लिहिलेलं असो. सुरुवातीचे दोन आठवडे वर्गातलं शिक्षण आणि पुढे निदान सहा ते आठ आठवडे पाचवी म्हणून काम, असं असेल तर मी त्याला बरा कार्यक्रम म्हणेन. आयसीयूसाठी हा काळ याहून जास्त हवा. ‘आमच्याकडे इंडक्शन तीन दिवसांचं असतं, मग मुली आपोआप शिकतात’ हे उत्तर आलं तर १६ हजारांत स्वस्तातली स्टाफ नर्स हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यात पळवाटही असते. कागदावर प्रत्येक मुलीला प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारी सीनियर, नेमलेली असते. पण तिला स्वतःचे सहा-सात पेशंट पूर्ण सांभाळायचे असतात, वर दोन-दोन नव्या मुली तिच्या गळ्यात असतात, आणि तिची ड्युटी सकाळची तर या मुलींची दुपारची. म्हणून विचारायचं: दोघींच्या शिफ्ट एकत्र लागतात का? शिकवण्याच्या काळात प्रिसेप्टरचे पेशंट कमी करतात का? तिला त्याचे वेगळे पैसे किंवा निदान नोंद तरी मिळते का? पहिली एकटीची नाइट साधारण कितव्या महिन्यात लागते? त्या नाइटला फ्लोअरवर सुपरवायझर फिरते की फक्त फोनवर असते?

एचआरकडून याची उत्तरं गोड येतील. खरी उत्तरं हवी असतील तर दुपारी दोनला सकाळची शिफ्ट सुटते तेव्हा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवून, मुली सव्वादोन-अडीचला बाहेर पडतात. बहिणीलाच जाऊ द्या, तुम्ही जरा लांब थांबा. मागच्या बॅचमधली एखादी भेटली की तिने दोनच गोष्टी विचाराव्यात: ‘तुमच्याबरोबर किती जणी लागल्या होत्या आणि आता किती उरल्यात?’ आणि ‘चूक झाली तर इथे काय होतं?’ दुसऱ्या प्रश्नाला ती गप्प झाली किंवा ‘मेमो’ म्हणाली तर तेही उत्तरच आहे. जिथे औषधाची चूक कळवल्यावर आधी ‘कशी झाली’ विचारतात, तिथे मुली चुका सांगतात. जिथे आधी ‘कोणी केली’ विचारतात, तिथे लपवतात, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

आता ४० खाटांच्या हॉस्पिटलबद्दल. छोटं म्हणजे वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. चांगल्या छोट्या हॉस्पिटलात मुलगी वर्षभरात कॅज्युअल्टी, ओटी, डिलिव्हरी, वॉर्ड सगळं पाहते. मालक-डॉक्टर स्वतः शिकवणारे असतील आणि एखादी जुनी सिस्टर पाय रोवून बसलेली असेल तर तिथली मुलगी कुठेही उभी राहू शकते. मोठ्या हॉस्पिटलात कधी कधी वर्षभर एकाच वॉर्डात, संगणकावर नोंदी करण्यातच मुली अडकतात. हे अवलंबून आहे ते माणसांवर.

मला खटकतंय ते ‘पहिल्या दिवसापासून आयसीयू’. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी, असा संकेत आहे. नवी मुलगी पहिल्या दिवसापासून तिथे हवी म्हणतात, याचा सरळ अर्थ त्यांच्याकडे माणूस नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे बीपी टिकवून धरणारं औषध, त्याच्या पंपाची सिरिंज संपत आली आणि दुसरी भरून तयार नसेल तर त्या मिनिटभरात पेशंटचं बीपी कोसळतं. हे जिने पाहिलेलंच नाही तिच्या हवाली तो पंप करणं तिच्यावरही अन्याय आणि पेशंटवरही. तरी फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री आयसीयूत डॉक्टर हजर असतो का, असला तर त्याची पदवी काय, तिच्याबरोबर रात्री दुसरी नर्स कोण आणि किती जुनी, आणि पहिले तीन महिने वॉर्डात देऊन मग आयसीयू देता का. या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणाले तर त्या नोकरीचा विचार नव्याने करा, कारण मग ती बऱ्यापैकी चांगली ऑफर ठरते.

पैशांचं बोलू. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराच्या शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा निदान २० हजार. या शिफारशी आहेत, त्या दाखवून १६ हजारांचे २० हजार होतील या भ्रमात राहू नका. पण एवढं कळतं की २२ हजार हा काही उपकार नाही, आणि १६ हजार हे शिकवण्याच्या बदल्यात कापलेले पैसे आहेत. म्हणून शिकवलं गेलंच पाहिजे. हॉस्टेल आणि एक वेळचं जेवण १६ हजारांत धरलं असेल तर हिशोब बराच जवळ येतो. हडपसरला खोली, डबा आणि जाण्यायेण्याचा खर्च २२ मधून वजा करून बघा. दुपारची शिफ्ट आठला संपते, ओव्हर देऊन निघायला पावणेनऊ होतात. त्यानंतर ती खोलीवर कशी पोचणार, हेही याच हिशोबात धरा.

बाँड. एक वर्ष शिकवलं तर एक वर्ष काम कर, ही अपेक्षा मला गैर वाटत नाही. कायद्यानेही बाँड म्हटलं की आपोआप रद्द, असं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध धरला. त्यामुळे ‘सही करून टाक, नंतर बघू, कोर्टात टिकत नाही’ हा गावाकडचा सल्ला मानू नका. मजकूर वाचा. रक्कम किती, आणि जसजसे महिने जातील तसतशी ती कमी होते का? हॉस्पिटलने स्वतः काढलं तरी मुलीनेच भरायचे का? आजारपण किंवा सरकारी नोकरी लागली तर सवलत आहे का? शिकवण्याचं जे आश्वासन तोंडी दिलंय ते त्याच कागदावर आहे का? बाँडमध्ये फक्त मुलीची बंधनं आणि हॉस्पिटलचं एकही नसेल तर दुरुस्ती मागा. मागून मिळते, मी मिळालेली पाहिली आहे.

मूळ कागदपत्रांवर मात्र माझं मत ठाम आहे. पडताळणीला दाखवायची, झेरॉक्स स्वसाक्षांकित करून द्यायची आणि मूळ प्रती त्याच दिवशी घरी न्यायच्या. उद्या एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) असो, जिल्हा परिषद असो की महापालिकेची भरती, कागद तपासणीला मूळच लागतात, आणि नेमकं तेव्हा एचआरचा माणूस रजेवर असतो. ‘आमची पॉलिसी आहे’ म्हणाले तर नम्रपणे ती पॉलिसी लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

नॉरसेटवरून आठवलं, हे इतर वाचणाऱ्यांसाठी: बीएस्सीवाल्यांना त्या परीक्षेला अनुभवाची अट नाही, पण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना निदान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ४० खाटांच्या ठिकाणी दोन वर्षं घालवून अर्ज भरताना हे कळलेल्या मुली मला भेटल्या आहेत. तुमच्या बहिणीला ही अडचण नाही. परदेशी जायचं मनात असेल तर आखातात साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही चांगल्या मोठ्या हॉस्पिटलचा असला तर बरं.

कुठेही लागली तरी रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस घेऊन टाका. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. कॉलेजमध्ये झाले असतील तर कार्ड शोधून ठेवा. सुई टोचली तर कुठे कळवायचं आणि रात्री एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी कोण देतं, हे तिला पहिल्याच दिवशी माहीत हवं. ती गोळी शक्यतो दोन तासांत सुरू करायची असते, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. ‘सकाळी बघू’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या घरच्यांसाठी, कारण भाऊ म्हणून तुम्हीच विचारताय. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिचा रडत फोन येईल. सुरुवातीचं कौतुक संपलेलं असतं, प्रिसेप्टर बाजूला झालेली असते, कोणीतरी सगळ्यांसमोर ओरडलेलं असतं, आणि ‘मला हे जमणारच नाही’ असं तिला मनापासून वाटत असतं. चांगल्या चांगल्या मुलींना वाटतं. तेव्हा ‘सोडून ये’ही म्हणू नका आणि ‘सगळ्यांनाच सोसावं लागतं’ असंही नको. आज नेमकं काय झालं ते विचारा. उत्तर ‘सकाळचे डोस वेळेत होत नाहीत’ असं असेल तर ते दोन महिन्यांत सुटतं. ‘रात्री २० पेशंटना मी एकटीच, डॉक्टर फोन उचलत नाहीत’ असं असेल तर तो जागेचा दोष आहे, आणि तिथून निघायची तयारी करायला हरकत नाही. नाइट करून आलेल्या मुलीला दुपारी बारा वाजता ‘जेवलीस का’ म्हणून फोन करायचा नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवा. नर्सेसची अर्धी झोप घरच्यांच्या मायेने मोडते.

माझं मत विचाराल तर: मोठ्या हॉस्पिटलने किमान सहा आठवडे ती जास्तीची म्हणून उभी राहील असं लिहून दिलं, मूळ कागद ठेवले नाहीत, आणि टपरीवरच्या मुलींनी फार वाईट सांगितलं नाही, तर १६ हजारांचं घ्या. घरावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल आणि १६ मध्ये भागतच नसेल तर हडपसरवाल्यांकडे आधी तीन महिने वॉर्ड मागा आणि तिथे जा, त्यात कमीपणा काही नाही. दोन्हीकडून नकार आला तर तिसरं ठिकाण बघा. पुण्यात नर्सेसची मागणी वर्षभर असते, आठ-पंधरा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

बाँडचा मजकूर हाती आला की हॉस्पिटलचं आणि बहिणीचं नाव झाकून इथे टाका. रविवारी मला सुट्टी असते, वाचून कुठली ओळ बदलून मागायची ते सांगते.